फोन रात्रभर चार्जिंगला लावायचा की नाही? बॅटरी टिकवायची कशी, अनुभवी लोकांनी सांगा

चाकरमानी_विरार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नवीन फोन घेतलाय. आधीचा फोन बॅटरीपायी गेला, बाकी सगळं ठणठणीत होतं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत वीस टक्क्यांवर यायचा आणि मग न सांगता बंद. ह्या वेळी चार-पाच वर्षं काढायची ठरवलंय, पण सल्ले असे मिळतायत की डोकं फिरायची वेळ आलीय. दुकानदार म्हणाला पहिल्यांदा सलग आठ तास लावा. ऑफिसातला आयटीवाला म्हणतो वीसच्या खाली नको आणि ऐंशीच्या वर नको. मेव्हणा म्हणतो महिन्यातून एकदा पूर्ण झीरो करून मग फुल करायचा. आणि आई रात्री उठून चार्जर काढून ठेवते, फुटेल म्हणते.

माझा दिवस म्हणजे पहाटेची विरार फास्ट, चर्चगेटपर्यंत बऱ्याचदा उभ्यानेच, फोनवर काहीतरी बघत, संध्याकाळी परत तेच. घरी आलो की झोपताना चार्जिंगला लावतो तो उठल्यावर काढतो. फोन ५००० एमएएचचा, चार्जर ६७ वॉटचा, डब्यातलाच. ह्यातलं खरं काय आणि खोटं काय?

उगाच_एक

फोन वापरायला घेतलाय की देव्हाऱ्यात ठेवायला?

गोरेगाव_पूर्व

आठ तासांचं आणि झीरो करायचं, दोन्ही विसरा. ते निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातलं आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून परत परत चार्ज केल्या की तेवढीच क्षमता लक्षात ठेवायच्या, त्याला मेमरी इफेक्ट म्हणायचे, म्हणून पूर्ण उतरवून पूर्ण भरायच्या. आताच्या लिथियमवाल्या बॅटरीला असलं काही नाही, उलट पूर्ण उतरवणं तिला मानवत नाही. दुकानदार लोक पाठांतर केल्यासारखं अजून तेच सांगतात.

मेव्हण्यांच्या सल्ल्यात एक अंश बरोबर आहे. टक्क्यांचा अंदाज कधीकधी चुकायला लागतो, पंधरावरून एकदम बंद वगैरे, तेव्हा एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरलं तर आकडा ताळ्यावर येऊ शकतो. पण दुरुस्त होतो तो आकडा, बॅटरी नाही.

रसायनी

थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आत काय चालतं तर एका बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, फोनमध्ये बहुतेक वेळा कोबाल्टवालं, आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, फोन वापरताना परत येतात.

धागाकर्त्यांना पटकन समजेल असं सांगायचं तर गाडी विरारला लागते तेव्हा रिकामी असते, लोक चढतात आणि पटापट बसतात. बोरिवलीला नुसतं दारातून आत सरकायलाच धक्काबुक्की. बॅटरीचंही तेच. सुरुवातीला चार्जर भरपूर करंट ढकलतो, व्होल्टेज एका मर्यादेला पोचलं की ते तिथेच धरून ठेवून करंट हळूहळू कमी करत नेतो. म्हणून पहिले पन्नास टक्के भुर्रकन आणि शेवटचे दहा रेंगाळत. ही लबाडी नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

आता म्हातारपण. ते दोन प्रकारचं असतं. एक वापराने येतं, त्याचं मोजमाप सायकल. आणि सायकल म्हणजे चार्जर किती वेळा लावला ते नव्हे. आज पन्नास टक्के वापरून भरले, उद्या परत पन्नास, मिळून एक सायकल. त्यामुळे दिवसातून चार वेळा थोडंथोडं चार्ज केल्याने काहीही बिघडत नाही. अ‍ॅपल सांगते की आयफोन १४ आणि त्याआधीच्यांची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, १५ पासून पुढे १००० सायकल, अर्थात आदर्श परिस्थितीत.

दुसरं म्हातारपण नुसतं पडून राहण्याने येतं आणि ते लोकांच्या लक्षातच येत नाही. बॅटरी जितकी भरलेली तितकं तिचं व्होल्टेज जास्त, आणि व्होल्टेज जास्त असताना आतल्या द्रवाच्या नको त्या प्रतिक्रिया होत राहतात, लिथियम हळूहळू अडकून बसतं, कायमचं. त्यात उष्णता मिळाली की हे सगळं जोरात. बॅटरी युनिव्हर्सिटी म्हणून एक साइट आहे, तिथल्या एका तक्त्यातले आकडे माझ्या डोक्यात बसलेत. बॅटरी ४० टक्क्यांवर ठेवून २५ अंशांत एक वर्ष ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८०. पूर्ण भरून आणि ४० अंशांत ठेवली तर ६५. म्हणजे फोनला हातही न लावता!

आपल्याकडे पंख्याखालच्या खोलीत मे महिन्यात तापमान काय असतं ते बघा, वर कव्हर, वर चार्जिंगची स्वतःची ऊब. मुंबईत बॅटरी मरते ती गरम आणि भरलेली राहून, वीस-ऐंशीचा आकडा त्यानंतर येतो.

सांताक्रूझ_स्लो

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

ठाणेकर_काका

हे सगळं ठीक आहे हो ताई, पण मी स्मार्टफोन आल्यापासून रोज रात्रभर लावतो, उशाशी. काही झालं नाही. आमच्या हिला तर बॅटरी किती उरलीय ते बघायचंही माहीत नाही, तिचा फोन माझ्यापेक्षा चांगला चालतो. ही नवीन पिढी फोनची फार काळजी करते, तेवढी गुडघ्यांची केली असती तर बरं झालं असतं.

रसायनी

काका, काही झालं नाही हे बरोबरच आहे कारण फोन शंभरला पोचला की चार्जिंग स्वतःच थांबवतो. ओव्हरचार्ज होऊन फुटेल ही भीती चांगल्या फोनच्या बाबतीत नको. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ चे फोन पेटले होते, विमानात वापरायलाही बंदी आली होती, पण तिथे मुळात बॅटरीच्या घडणीतच दोष निघाला, रात्रभर लावण्याचा संबंध नव्हता.

फक्त उशाशी म्हणजे उशीखाली नसू दे. गादीत रुतलेल्या फोनची उष्णता जाणार कुठे? टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, कव्हर जाड असेल तर काढून. एवढं केलंत तर रात्रभर लावण्यातला मोठा तोटा तिथेच निघून जातो.

चाकरमानी_विरार

म्हणजे आईला सांगू की रात्री उठू नकोस?

गोरेगाव_पूर्व

हो, आणि फोनमध्ये अडॅप्टिव्ह चार्जिंग नाहीतर ऑप्टिमाइज्ड चार्जिंग असं काहीतरी असेल ते चालू करा. आयफोनमध्ये ते २०१९ पासून आहे, आयओएस १३ बरोबर आलं. फोन तुमची उठायची वेळ ओळखतो, ऐंशीपर्यंत भरून थांबतो आणि तुम्ही उठायच्या थोडं आधी शंभर करतो. तुम्ही रोज एकाच वेळी उठता, तुमच्यासाठी तर ते बनवलंय असं समजा.

नाइट_ड्युटी

हे अडॅप्टिव्ह प्रकरण आमच्यासारख्यांसाठी नाही. मी नर्स आहे, आठवडाभर दिवसपाळी, मग रात्रपाळी, मग सुट्टी. फोनला माझी झोप कधी कळलीच नाही, मलाच कळत नाही तर त्याला काय कळणार. म्हणून सरळ ८० ची मर्यादा लावून टाकली. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन म्हणून सेटिंग आहे, त्यात मॅक्सिमम निवडायचं. आयफोन १५ पासून आहे, गुगलच्या पिक्सेलमध्ये पण आलंय. मैत्रिणीच्या आयफोनमध्ये ८० ते १०० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने निवडता येतं. मधूनच कधीतरी तो स्वतःहून १०० पर्यंत जातो, तेव्हा घाबरू नका, आकडा बरोबर राहावा म्हणून करतो ते.

वॉर्डात सॉकेट आहे, नर्सिंग स्टेशनला चार्जर पडलेला असतो, त्यामुळे ८० मला पुरतात. बाहेरगावी जायचं असेल तेव्हा मर्यादा काढते.

उगाच_एक

मला एक सांगा. चार वर्षांनी बॅटरी ८० टक्के उरेल ह्या भीतीने तुम्ही आजपासूनच ८० टक्के वापरताय. म्हणजे जे नुकसान चार वर्षांनी व्हायचं ते पहिल्या दिवशीच करून घेतलंत. ह्याला बचत म्हणतात का?

(हलकेच घ्या, पण उत्तरही द्या.)

रसायनी

हा प्रश्न खरं तर धाग्यातला सगळ्यात चांगला आहे आणि ह्याचं एकच उत्तर नाही. ज्याच्या हाताशी दिवसभर सॉकेट आहे, त्याला वरचे वीस टक्के तसेही लागत नाहीत, त्याने मर्यादा लावली तर फुकटचा फायदा. ज्याला लागतात त्याने वापरावेत, त्यासाठीच पैसे मोजलेत. धागाकर्ते विरारहून चर्चगेटला येतात-जातात, त्यांनी ८० वर अडून बसण्यात अर्थ नाही. शंभर करा, फक्त शंभर झाल्यावर लगेच काढून वापरायला लागा. शंभरला स्पर्श करण्याने नुकसान नाही, तिथे तासन् तास बसून राहण्याने आहे. दिवसभर लॅपटॉपला जोडून टेबलावर पडलेला फोन बघा, त्याचं सगळ्यात वाईट होतं.

खालच्या बाजूला पण तसंच. वीसच्या खाली गेला म्हणून धावाधाव नको. फक्त बंद पडलेला फोन महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये टाकू नका. जुना फोन ठेवून द्यायचा असेल तर साधारण पन्नास टक्क्यांवर बंद करून ठेवा आणि सहा महिन्यांनी बघा. अगदी तळाला गेलेला सेल परत उठेलच असं नाही.

उगाच_एक

मान्य. माझा फोन लॅपटॉपलाच जोडलेला आहे, काढतो.

डोंबिवली_फास्ट

तुम्ही मुंबईतले लोक बोलणार ८० वर. आमच्याकडे वारा सुटला तरी लाइट जाते. पावसाळ्यात मी शंभर करूनच झोपतो, बॅटरी मेली तर मेली. सकाळी २५ टक्के घेऊन स्टेशनवर गेलो आणि गाड्या खोळंबल्या की घरी कळवायचीही पंचाईत. तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ऑफिसची हजेरीसुद्धा फोनमध्ये.

नाइट_ड्युटी

मुंबईतल्या लोकांनीही फार ऐटीत राहू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीच चालू होत्या म्हणजे आत आम्हीच होतो. त्या दिवसापासून बॅगेत पॉवर बँक असतेच. डोंबिवलीकरांना पूर्ण पाठिंबा, गरज असेल तिथे शंभरच.

रायडर_अंधेरी

मी डिलिव्हरीचं काम करतो, माझी गोष्ट वेगळी आहे जरा. फोन हँडलवर, दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर, ब्राइटनेस फुल, मॅप चालू, नेट चालू, आणि वर गाडीच्या यूएसबीवरून चार्जिंग. एप्रिल-मे मध्ये हमखास फोन सांगतो तापमान जास्त आहे आणि चार्जिंग बंद करतो, कधी कधी स्क्रीन पण काळी होते आणि गिऱ्हाईक तिकडून फोन करतंय कुठे पोचलात. आमच्यातल्या पुष्कळ पोरांच्या बॅटऱ्या वर्षाच्या आत फुगतात, मागचं झाकण उचललं जातं. ऐंशी-बिंशी आमच्या हातात नाही, तरी काही करता येईल का?

रसायनी

तुमचा फोन ह्या धाग्यातल्या सगळ्या फोनपेक्षा जास्त कष्ट करतो. उन्हात, वापरात आणि चार्जिंगमध्ये, तिन्ही उष्णता एकाच वेळी. ह्यातली एक कमी करायची. हँडलवर असताना चार्जिंग टाळा, त्याऐवजी ऑर्डरची वाट बघताना सावलीत पॉवर बँकेवरून भरा. काळं जाड कव्हर काढा, माउंटला वरून छोटं छत मिळतं ते लावा, एवढ्याने स्क्रीनचा ब्राइटनेसही कमी चालतो. बहुतेक फोन साधारण ४५ अंशांच्या पुढे गेले की चार्जिंग मंद करतात नाहीतर थांबवतात, तो इशारा समजून पाच मिनिटं सावलीत ठेवायचा. आणि गरम झाला म्हणून फ्रीजमध्ये किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीला टेकवून ठेवू नका, आत वाफ धरते.

फुगलेला फोन मात्र वापरूच नका. आत गॅस झालेला असतो. दाबून झाकण बसवायचं तर अजिबात नाही.

सोल्डरवाला

ह्यावर मी बोलतो, फोन दुरुस्तीचं काम करतो, माल लॅमिंग्टन रोडवरून आणतो. फुगलेली बॅटरी लोक घरी यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हरने काढायला जातात. भोक पडलं की धूर, आणि मग आग. ते काम माझ्यासारख्याकडे द्या.

दुसरं, बदलायची बॅटरी. बाजारात ओरिजिनल म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळ ओरिजिनल नसतं. एमएएच स्टिकरवर काहीही छापता येतं. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ १०० दाखवते म्हणून खूश होऊ नका, चिपमधला आकडा बदलायची मशिनं मिळतात, जुना वापरलेला सेल पण शंभर दाखवू शकतो. बॅटरीवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण बघा, आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. चार्जरवर पण तसाच नंबर असतो. स्टेशनबाहेर दीडशे रुपयांत ६५ वॉट लिहिलेले चार्जर मिळतात, त्यांच्यावर नंबर शोधून दाखवा.

तिसरं म्हणजे निम्म्या लोकांची बॅटरी खराब नसतेच, पोर्टमध्ये खिशातला कापूस बसलेला असतो. केबल हलवली तर चार्ज होतो, नाही हलवली तर नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने हळूच काढा, सुई घालू नका. ह्याचे मी पैसे घेत नाही, पण चहा चालतो.

चाकरमानी_विरार

सोल्डरवाले भाऊ, फास्ट चार्जिंगचं काय? माझा ६७ वॉटचा आहे, मी मुद्दाम जुना १० वॉटचा चार्जर वापरावा का?

सोल्डरवाला

मी स्वतः रात्री जुनाच वापरतो. माझं मत फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते. रोज बघतो.

गोरेगाव_पूर्व

इथे असहमत. ६७ वॉट हे सगळ्यात वरचं टोक आहे, ते पहिले काही मिनिटं मिळतं, नंतर उतरत जातं. शिवाय ह्या पॉवरच्या पुष्कळ फोनमध्ये बॅटरी दोन सेलमध्ये विभागलेली असते, भार वाटला जातो. ओप्पो-वनप्लसच्या पद्धतीत तर व्होल्टेज कमी आणि करंट जास्त ठेवून रूपांतराची बरीचशी उष्णता चार्जरच्या ठोकळ्यात ठेवतात, फोनमध्ये नाही. ओप्पोने २०२२ मध्ये १५० वॉटच्या चार्जिंगबरोबर १६०० सायकलनंतर ८० टक्क्यांचा दावा केला होता. कंपनीचा दावा आहे हे धरूनही, फास्ट म्हणजे वाईट असं सरसकट नाही.

तुमच्याकडे येणारे फोन हे बिघडलेलेच असतात, चांगले चालणारे तुमच्या दुकानात कशाला येतील?

सोल्डरवाला

हे पण खरं आहे म्हणा. पण दोन सेल आहेत तर दोन्ही एकदम मरतात, खर्च जास्त 😀

रसायनी

हातात घेऊन बघा, हीच परीक्षा. फास्ट चार्जिंगवर फोन नुसता कोमट होत असेल तर चालू द्या. धरवत नसेल तर काहीतरी चुकतंय, कव्हर, ऊन, नाहीतर चार्जिंगला लावून गेम. रात्री सहा तास हाताशी असताना मात्र घाई कशाला, तिथे सोल्डरवाल्यांचं बरोबर, छोटा चार्जर पुरे. सकाळी उशीर झालाय आणि पंधरा मिनिटंच आहेत तेव्हा ६७ वॉटचा.

आणि वायरलेस पॅडबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगते, तिथे बरीच वीज उष्णता होऊन जाते आणि ती नेमकी फोनच्या पाठीला चिकटलेली असते. एसीत ठीक. बिनएसीच्या खोलीत मे महिन्यात नको.

ठाणेकर_काका

चार्जर भिंतीला तसाच ठेवला तर वीज खातो का हो? आमच्याकडे ह्यावरून रोज भांडण.

सांताक्रूझ_स्लो

काका, हिशोब करून दाखवतो, भांडण मिटेल. चांगला चार्जर रिकामा लावलेला असताना ०.१ वॉटच्या आसपास घेतो, वर्षभर चोवीस तास ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. आणि फोन म्हणाल तर ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची, वाया जाणारं धरून २५ म्हणू. रोज पूर्ण भरलात तरी वर्षाला नऊ-साडेनऊ युनिट. शंभर रुपयांच्या आसपासचा मामला आहे. गिझर पाच मिनिटं आधी बंद करा, फोनचं वसूल होईल. तरीही हलक्या प्रतीचा चार्जर असेल तर काढूनच ठेवा, विजेसाठी नव्हे, आगीच्या भीतीने.

ठाणेकर_काका

हिला वाचून दाखवलं. भांडण मिटलं नाही, आता गिझरवर गेलं.

कुर्ला_टर्मिनस

पावसाळ्याचं पण लिहा कोणीतरी. दर वर्षी जूनमध्ये माझा फोन पोर्टमध्ये ओलावा आहे म्हणून चार्जिंग नाकारतो, आणि घरचे तांदळाच्या डब्यात खुपसतात.

सोल्डरवाला

तांदूळ नको. अ‍ॅपलने तर आपल्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की फोन तांदळात ठेवू नका, दाण्यांचे बारीक कण आत जातात. पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा, मग पंख्याखाली ठेवून द्या. ड्रायर मारू नका, फुंकर पण मारू नका. वाळेपर्यंत केबल लावायची नाही, ओल्या पोर्टमध्ये करंट गेला की पिना गंजतात आणि मग माझं बिल होतं. जबरदस्तीने चार्ज करायचा पर्याय फोन देतो कधीकधी, तो अगदीच अडलं तर.

अजून एक, वॉटरप्रूफ फोनची बॅटरी बदलली की त्याचं सील पहिल्यासारखं राहील हे धरून चालू नका. नंतर पावसात प्लास्टिकच्या पिशवीतच.

गोरेगाव_पूर्व

पैशाच्या बाजूने पण बघा जरा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ पासून ह्या कंपन्या सात वर्षं अपडेट देणार म्हणतात. रोज एक सायकल धरली तर १००० सायकल तीन वर्षांच्या आतच संपतात. म्हणजे सॉफ्टवेअर चालू आणि बॅटरी थकलेली अशी वेळ येणारच, तुम्ही कितीही जपा. मग मध्ये एकदा बॅटरी बदलणं हा खर्च सुरुवातीलाच धरून ठेवावा. फोनच्या किमतीच्या मानाने तो थोडा असतो. एवढं मनाशी ठरवलं की टक्क्यांकडे बघत बसायची सवय आपोआप सुटते. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झालाय की ८०० सायकलनंतर निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि लेबलवर तसं लिहायचं. आपल्याकडे येणाऱ्या मॉडेललाही त्याचा थोडाफार फायदा होईल असं मला वाटतं.

कुर्ला_टर्मिनस

नवीन फोनमध्ये ७००० एमएएच वगैरे देतायत, जाडी तेवढीच, ते कसं काय?

रसायनी

ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळतात. सिलिकॉन कितीतरी जास्त लिथियम धरतो, पण धरताना फुगतो, तिप्पट-चौपट, आणि फुगून-आकसून तडे जातात. म्हणून कार्बनच्या सांगाड्यात त्याचे बारीक कण अडकवून ठेवतात. २०२३ मध्ये ऑनरने फोनमध्ये आणलं, मग बाकीच्या चिनी कंपन्यांनी. मोठ्या बॅटरीचा एक साधा फायदा, ती रोज पूर्ण उतरतच नाही, म्हणून सायकल कमी होतात.

रायडर_अंधेरी

कव्हर काढलं, छत लावलं. दुपारी तापमानाचा मेसेज येणं कमी झालंय, बघू. एक विचारायचं होतं, मित्राची पॉवर बँक फुगलीय, सुक्या कचऱ्यात टाकू का म्हणतो.

सोल्डरवाला

नको नको. कचऱ्याची गाडी माल दाबते, दाबली गेली की पेट घेईल, आणि ती वेचणाऱ्या माणसाच्या हातात पण फुटू शकते. चार्जिंगला लावू नका, आहे तशी धातूच्या डब्यात नाहीतर कुंडीतल्या कोरड्या वाळूत बाल्कनीत ठेवा, ऊन लागणार नाही अशा जागी. मग त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून फुगलेली आहे असं स्पष्ट सांगा आणि नेऊन द्या. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवरच आहे. नाही म्हणाले तर ई-कचरा गोळा करणारा नोंदणीकृत माणूस गाठा. गर्दीच्या लोकलमधून मात्र नेऊ नका, दाबली जाईल. दुपारची रिकामी गाडी पकडायला सांगा नाहीतर तुमच्या बाइकवर न्या, डिकीत उन्हात ठेवू नका म्हणजे झालं.

रायडर_अंधेरी

डबा बिस्किटांचा चालेल ना? पत्र्याचा आहे.

सोल्डरवाला

चालेल. झाकण घट्ट लावू नका.